दमेकऱ्याचा पंप : त्याचा बिनधोक वापर

संघाच्या स्मरणिकेत व्यापारविषयक लेखांबरोबर आरोग्याचा एखादा विषय असावा, ही वाचकांची अपेक्षा रास्त आहे. यंदा आम्ही दम्याचा विषय घेतला, कारण तो आमच्या व्यवसायाला चिकटलेला आहे. निपाणीच्या तंबाखूच्या वखारी, ब्याडगीच्या मिरचीची पोती, सांगलीची हळद, माळव्यातील गहू-चणा, गुजरातेतील कापूस, हैदराबादेतील बेगम बाजाराचे मसाले. ज्या मालावर पेढी चालते त्याच मालाची धूळ मालकाच्या, मुनिमाच्या आणि हमालाच्या छातीत जाते. ज्याला दम्याची प्रवृत्ती आहे त्याला ती धूळ सुखाने बसू देत नाही.

या विकारावर आज उत्तम औषध उपलब्ध आहे. डॉक्टर ते बहुधा ‘इन्हेलर’च्या रूपाने, म्हणजे बोलीभाषेत ‘पंपा’च्या रूपाने, लिहून देतात. परंतु पंप घरात असणे वेगळे आणि पंपाचा गुण अंगी लागणे वेगळे. कित्येक घरी तो चुकीच्या रीतीने घेतला जातो, कित्येक घरी भीतीपोटी खणात पडून राहतो, आणि कित्येक घरी नको तो पंप वाजवीपेक्षा अधिक वापरला जातो. यांपैकी शेवटची गोष्ट जिवावर बेतू शकते. म्हणून हा विषय येथे थोडा विस्ताराने मांडीत आहोत.

रोगाचे स्वरूप

आयुर्वेदात ज्याला तमक श्वास म्हटले आहे, त्याच्याशी दम्याची लक्षणे पुष्कळ मिळतीजुळती आहेत. फुप्फुसांत हवा नेणाऱ्या बारीक नळ्यांच्या आतील अस्तराला दीर्घकाळ सूज राहते. अशा सुजलेल्या नळीला धूळ, धूर, थंड वारा, सर्दी-पडसे किंवा तीव्र वास लागला की तिच्या भोवतीचे स्नायू आवळतात, आत चिकट कफ साचतो आणि वाट अरुंद होते. मग छातीत घुरघुर, कोरडी ढास, धाप आणि विशेषतः पहाटेच्या सुमारास जाग आणणारा श्वास, ही लक्षणे दिसतात.

येथे ध्यानात धरण्याजोगी गोष्ट अशी, की स्नायूंचे आवळणे हा त्या घटकेचा त्रास आहे, पण अस्तराची सूज हा मूळ रोग आहे. त्रास नसतानाही सूज असू शकते.

धाप लागणारा प्रत्येक मनुष्य दमेकरी नसतो. विडी-सिगारेटने किंवा वर्षानुवर्षे चुलीच्या धुराने होणारा श्वासनलिकांचा कायमचा अवरोध हा निराळा विकार आहे. हृदयाच्या दुर्बलतेनेही धाप लागते. फुंकर मारून श्वासाचा जोर मोजणारी ‘स्पायरोमेट्री’ ही तपासणी निदानास साहाय्य करते. म्हणून शेजाऱ्याला गुण आला तो पंप आपणही आणावा, हा मार्ग सर्वस्वी त्याज्य होय.

दोन पंप, दोन कामे

पंपांत मुख्यतः दोन जाती आहेत. पहिली तात्काळ आराम देणारी. साल्ब्युटामॉल हे त्यातील सर्वांस परिचित औषध. ते आवळलेले स्नायू काही मिनिटांत सैल करते आणि त्याचा परिणाम सुमारे चार ते सहा तास टिकतो. परंतु सुजेवर त्याचा काही इलाज चालत नाही. दुसरी जात सूज उतरविणारी. बेक्लोमेटासोन, ब्युडेसोनाइड, फ्लुटिकासोन ही त्यांतील औषधे होत. यांचा गुण हळूहळू, काही दिवसांनी व आठवड्यांनी दिसू लागतो; पण झटके टाळण्याचे खरे काम हीच करतात.

व्यापाऱ्याच्या भाषेत सांगावयाचे तर पहिला पंप हातउसन्या पैशासारखा आहे. अडल्या वेळी तो उपयोगी पडतो, परंतु त्याने कर्ज फिटत नाही. दुसरा पंप म्हणजे मुद्दलाची नियमित फेड. जो हातउसन्यावरच पेढी चालवितो त्याचे पुढे काय होते, हे आमच्या वाचकांस सांगण्याची आवश्यकता नाही.

दोन्ही गुण एकत्र असलेले पंपही आज मिळतात. ब्युडेसोनाइड व फॉर्मोटेरॉल यांचे मिश्रण काही रोग्यांना रोजच्यासाठी आणि त्रासाच्या वेळीही वापरण्यास डॉक्टर सांगतात. मात्र प्रत्येक मिश्र पंप तसा वापरता येत नाही. पंपाच्या रंगावरूनही त्याची जात ओळखू नये, कारण रंग कंपनीगणिक बदलतात. डॉक्टरांकडूनच विचारून घ्यावे आणि प्रत्येक पंपावर ‘रोजचा’ किंवा ‘त्रासाच्या वेळचा’ अशी मराठीत चिठ्ठी चिकटवावी.

इतिहासाने शिकविलेला धडा

मोजून मात्रा देणारा पंप १९५६ साली अमेरिकेतील रायकर लॅबोरेटरीज या कंपनीने बाजारात आणला. तेथील डॉ. जॉर्ज मेझन यांच्या दमेकरी मुलीने, केसांच्या फवाऱ्याप्रमाणे आपले औषध का मिळू नये असे विचारले आणि त्यावरून ही कल्पना निघाली, असे सांगतात. तत्पूर्वी काचेचा व रबरी फुग्याचा नाजूक फवारा हाताने दाबावा लागे. त्यात मात्रेचे प्रमाण राहत नसे.

परंतु सोय झाली तसा धोकाही आला. १९६० नंतरच्या दशकात इंग्लंड-वेल्स, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड या देशांत दम्याने मरणाऱ्यांची संख्या एकाएकी वाढली. त्या वेळी आयसोप्रेनालिन या तात्काळ आराम देणाऱ्या औषधाचे तीव्र पंप तिकडे सर्रास वापरात होते. १९६७-६८ मध्ये इंग्लंडात डॉक्टरांना इशारे देण्यात आले, चिठ्ठीवाचून होणारी विक्री थांबविण्यात आली आणि मृत्युसंख्या पुन्हा उतरली. औषधाचा हृदयावरील परिणाम किती आणि त्याच्या भरवशावर रोगी उशिरा रुग्णालयात पोचले याचा वाटा किती, याविषयी तज्ज्ञांत पुष्कळ वाद झाला. साल्ब्युटामॉल १९६९ साली आले, ते हृदयाच्या दृष्टीने अधिक सौम्य. आणि १९७२ साली बेक्लोमेटासोनचा पंप आल्यावर सुजेवरील उपचार श्वासावाटे देता येऊ लागला.

तरीही तात्पुरत्या आरामावर विसंबण्याची माणसाची खोड गेली नाही. म्हणून ‘ग्लोबल इनिशिएटिव्ह फॉर अस्थमा’ या जागतिक संस्थेने २०१९ साली आपली शिफारस बदलली. प्रौढांचा व १२ वर्षांवरील मुलांचा दमा केवळ तात्काळ आरामाच्या पंपावर ठेवू नये, त्यांच्या उपचारांत सूज उतरविणारे औषध असावेच, असे तिने सांगितले. ज्यांना वर्षात २०० मात्रांचे तीन किंवा अधिक आरामाचे पंप लागतात त्यांना मोठ्या झटक्याचा धोका अधिक असतो. आणि ज्यांना महिन्याला एक लागतो, त्यांच्या जिवाला धोका वाढलेला असतो. अशा मनुष्याने दुसरा पंप आणण्यापूर्वी डॉक्टरांकडे जावे.

पंप घेण्याची रीत

औषध जिभेवर बसले तर पोटात जाते, छातीत जात नाही. म्हणून रीतीला महत्त्व आहे. दाबून फवारा निघणाऱ्या पंपाची रीत अशी :

१. झाकण काढावे. मुखनळीत धूळ, कापूस किंवा खिशातील नाणे गेलेले नाही ना, हे पाहावे.

२. पंप नीट हलवावा. नवा असल्यास किंवा बरेच दिवस वापरला नसल्यास, सोबतच्या पत्रकात सांगितल्याप्रमाणे काही फवारे प्रथम हवेत सोडावेत.

३. ताठ बसावे किंवा उभे राहावे, हनुवटी किंचित वर करावी आणि पंपापासून तोंड बाजूला ठेवून श्वास सावकाश बाहेर सोडावा.

४. मुखनळी दातांमध्ये धरून ओठ घट्ट मिटावेत. जीभ आड येऊ देऊ नये.

५. तोंडाने हळूहळू श्वास आत घेण्यास आरंभ करावा आणि त्याच क्षणी डबी एकदा दाबावी. श्वास मध्येच न थांबविता तीन ते पाच सेकंद सावकाश आत घेत राहावा.

६. पंप बाजूला करून सुमारे दहा सेकंद, किंवा जमेल तितका वेळ, श्वास रोखावा. मग हलकेच सोडावा.

७. दुसरी मात्रा घ्यावयाची असल्यास अर्धा ते एक मिनिट थांबून, पंप पुन्हा हलवून, सर्व क्रिया पहिल्यापासून करावी. एका श्वासात दोन मात्रा घेऊ नयेत.

८. सूज उतरविणारे औषध असल्यास शेवटी पाण्याने चूळ भरून, घसा खुळखुळून, पाणी थुंकून टाकावे. असे न केल्यास तोंडात पांढरी बुरशी येते किंवा आवाज बसतो.

दाबणे आणि श्वास घेणे यांचा मेळ पुष्कळांना साधत नाही. त्यांच्यासाठी ‘स्पेसर’ नावाची पोकळ नळी मिळते. पंप तिच्या एका टोकाला बसवून एक मात्रा आत सोडावी आणि दुसऱ्या टोकाने सावकाश एक खोल श्वास, किंवा शांतपणे चार-पाच श्वास घ्यावेत. लहान मुलांसाठी व वृद्धांसाठी तिला मुखवटा जोडता येतो. स्पेसर हे दुबळ्याचे साधन आहे असे कोणी मानू नये. त्याने औषध घशात कमी व छातीत अधिक पोचते. महिन्यातून एकदा तो साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन हवेवर वाळू द्यावा. फडक्याने पुसू नये; पुसल्याने आत विजेचा सूक्ष्म भार निर्माण होऊन औषध नळीलाच चिकटते.

कोरड्या पुडीचे यंत्र मात्र अगदी निराळे. ते हलवावयाचे नसते, आणि त्यातील श्वास जलद व जोराने ओढावयाचा असतो, कारण ओढीनेच पूड उडते. यंत्रात कधीही फुंकू नये. तोंडाची वाफ लागून पूड गोळा होते. बेळगाव-गोव्याकडील पावसाळ्यात कॅप्सूलची बाटली उघडी ठेवू नये. ओढ घेतल्यावर कॅप्सूलमध्ये पूड उरली आहे काय ते पाहावे, उरली असल्यास पुन्हा ओढावी. काहीजण ही कॅप्सूल पाण्याबरोबर गिळतात. त्याने छातीला काहीच लाभ होत नाही.

आमच्या वाचकांपैकी कित्येकांना आणखी एक शंका असते. या कॅप्सूलचे कवच पुष्कळदा जिलेटिनचे, म्हणजे प्राणिजन्य असते. ते पोटात जात नाही हे खरे. तथापि ज्यांना ते हाताळणेही नको वाटते त्यांनी औषध सोडून देऊ नये. वनस्पतिजन्य कवचाची कॅप्सूल किंवा कॅप्सूल नसलेला पंप मिळेल काय, असे डॉक्टरांस मोकळेपणाने विचारावे.

शिलकेचा हिशेब

पंपात माल किती उरला, हे हलवून कळत नाही. औषध संपल्यावरही वायू उरतो, फवारा उडतो आणि रोगी रित्या फवाऱ्यावर विसंबून राहतो. डबी पाण्यात तरंगवून पाहण्याची जुनी रीतही भरवशाची नाही. मोजणीचा आकडा दाखविणारा पंप असल्यास उत्तम. नसल्यास गणित सोपे आहे. २०० मात्रांचा पंप सकाळी दोन व सायंकाळी दोन या प्रमाणात ५० दिवस चालतो. १२० मात्रांचा ३० दिवस. आरंभाची व संपण्याची तारीख डबीवर लिहावी आणि पेढीवर माल संपण्यापूर्वी जशी मागणी नोंदवितो, तसा दुसरा पंप आठवडाभर आधी आणून ठेवावा. त्रासाच्या वेळचा पंप लागला तर त्याचीही नोंद दैनंदिनीत ठेवावी; डॉक्टरांस ती बहुमोल ठरते.

पंप उन्हात, बंद मोटारीत किंवा देवघरातील समईजवळ ठेवू नये. डबी रिकामी झाली तरी तिला भोक पाडू नये वा ती अग्नीत टाकू नये, ती फुटते.

काही गैरसमज

‘पंपाची सवय लागते’, हा पहिला गैरसमज. चष्मा रोज लावावा लागतो म्हणून त्याचे व्यसन लागले असे आपण म्हणत नाही. रोग दीर्घकाळचा आहे, म्हणून औषधही दीर्घकाळचे आहे.

‘पंप हा शेवटचा उपाय, तोवर गोळ्या बऱ्या’, हा दुसरा. येथे आकडेच बोलतात. साल्ब्युटामॉलच्या एका फवाऱ्यात १०० मायक्रोग्रॅम औषध असते. ४ मिलिग्रॅमच्या एका गोळीत त्याच्या ४० पट. गोळीचे औषध सर्व अंगात फिरून छातीत येते, म्हणून हात कापणे, छाती धडधडणे हे त्रास गोळीने अधिक होतात.

‘स्टेरॉइड’ या शब्दाची भीती हा तिसरा. नेहमीच्या मात्रेत श्वासावाटे घेतलेले हे औषध मायक्रोग्रॅममध्ये मोजले जाते आणि त्याचा बहुतेक परिणाम छातीपुरता राहतो. याउलट पंप टाळणाऱ्याला वारंवार मोठे झटके येतात, आणि मग त्याच वर्गातील गोळ्या मिलिग्रॅमच्या हिशेबाने घ्याव्या लागतात. ज्याची भीती होती तेच अधिक प्रमाणात पदरी येते. दीर्घकाळ मोठी मात्रा घेणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांकडून नियमाने तपासून घ्यावे. गर्भवती स्त्रियांनी स्वतःच्या मनाने पंप बंद करू नये. आईचा श्वास कोंडणे हे बाळाला औषधापेक्षा अधिक घातक आहे.

हैदराबादेत मृगाच्या सुमारास दम्यासाठी जिवंत माशातून औषध दिले जाते आणि शाकाहारी लोकांना ते गुळातून देतात. त्याचा गुण शास्त्रीय कसोटीवर सिद्ध झालेला नाही. कोणी श्रद्धेने ते घेतले तरी रोजचा पंप बंद करू नये, एवढे तरी पाळावे.

दुसऱ्या व्याधीची औषधेही डॉक्टरांस दाखवावीत. रक्तदाबावरील व हृदयविकारावरील काही गोळ्या, तसेच काचबिंदूवर डोळ्यांत घालावयाचे टिमोलॉलसारखे थेंब, दमेकऱ्याचा श्वास अडवू शकतात. अॅस्पिरिन व तत्सम वेदनाशामके काही दमेकऱ्यांना सोसत नाहीत.

व्रत-नियम आणि औषध

पर्युषणात व दशलक्षणात उपवास करणारे दमेकरी पुष्कळदा पंप बंद ठेवतात. कोणी औषध नको म्हणून, तर कोणी चूळ भरावी लागते म्हणून. आठ-दहा दिवसांच्या खंडाने सूज पुन्हा बळावू शकते. व्रतात काय चालते याचा निर्णय देण्याचा अधिकार आमचा नव्हे. तो आपल्या महाराजांस विचारावा. परंतु पच्चक्खाणात आगार ठेवण्याची परंपरा आपल्याकडे आहेच, हे येथे स्मरण करून देतो. व्रत धरण्यापूर्वी डॉक्टरांचा व महाराजांचा, दोघांचाही सल्ला घ्यावा. रात्री पाणी न घेणाऱ्यांनी रोजच्या पंपाच्या दोन वेळा सकाळी व सूर्यास्तापूर्वी बसविता येतील काय, हे डॉक्टरांस विचारावे. म्हणजे चूळही नियमात बसते. रात्री धाप लागली तर त्रासाच्या वेळचा पंप घेण्याबाबतचा विचार मात्र आधीच झालेला असावा. त्या घटकेला वाद घालण्यास श्वास उरत नाही.

पेढी आणि गोदाम

औषधाबरोबर कारणही दूर केले पाहिजे. मिरची-हळदीच्या गोदामात कोरडी झाडू मारू नये. ओल्या फडक्याने पुसावे. पोती झाडण्याचे काम उघड्यावर, वाऱ्याच्या दिशेकडे पाठ करून व्हावे, आणि ते करणाऱ्यास चांगला मुखवटा द्यावा. बारदान ओलसर राहू देऊ नये, त्यावर बुरशी चढते. दिवाळीपूर्वीच्या साफसफाईपासून आणि फटाक्यांच्या धुरापासून दमेकऱ्याला दूर ठेवावे. धूप-उदबत्तीचा धूर बंद खोलीत कोंडू नये.

ज्याला कामावर धाप लागते आणि सुट्टीच्या दिवशी बरे वाटते, त्याने ही गोष्ट डॉक्टरांस अवश्य सांगावी; त्याचा दमा कामातून आलेला असण्याचा संभव असतो. मालकाइतकाच, किंबहुना अधिक, हा धोका हमालाला व तोलाऱ्याला असतो. त्याची धाप हे आळसाचे निमित्त समजून त्याला ओझ्याखाली पुन्हा उभे करणे, हे अहिंसेचे नाव घेणाऱ्या पेढीला शोभणारे नाही. त्याला वेळेवर डॉक्टरांकडे पाठविणे हे मालकाचे कर्तव्य होय.

झटका आला असता

प्रत्येक दमेकऱ्याने अशा वेळी काय करावे याची लेखी सूचना डॉक्टरांकडून घेऊन ती घरी व पेढीवर लावून ठेवावी. तशी सूचना हाताशी नसल्यास पुढील क्रम पाळावा. रोग्याला ताठ बसवावे, निजवू नये. कपडे सैल करावेत, भोवतालची गर्दी हटवावी. आरामाच्या पंपाच्या चार मात्रा, शक्यतो स्पेसरमधून, एकेक करून द्याव्यात. चार मिनिटे थांबावे. आराम नसल्यास आणखी चार द्याव्यात आणि त्याच वेळी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी किंवा मिळेल त्या वाहनाने रुग्णालय गाठावे. वाटेतही हाच क्रम चालू ठेवावा.

वाक्य पुरे करता न येणे, ओठ निळसर होणे, गुंगी येणे, किंवा धाप असूनही छातीतील घुरघुर एकाएकी थांबणे, ही प्राणसंकटाची चिन्हे होत. घुरघुर थांबली म्हणजे बरे वाटले असे मानू नये. हवाच आत जात नाही असा तिचा अर्थ असू शकतो. अशा वेळी एक क्षणही न थांबता रुग्णालयाकडे निघावे. झोपेची गोळी मुळीच देऊ नये. पंपाने आराम पडला पण तो तीन-चार तासही टिकला नाही, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

वाचक बंधुभगिनींस आमची एवढीच विनंती, की हा लेख वाचून झाल्यावर घरातील पंप बाहेर काढावा. तो कोणत्या जातीचा आहे, त्यात किती मात्रा उरल्या आहेत आणि त्याची मुदत केव्हा संपते, हे पाहावे. आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांसमोर तो एकदा घेऊन दाखवावा. त्यांनी रीत दुरुस्त करून दिली तर त्यात संकोच मानू नये. एवढ्या अल्प श्रमाने आपल्या घरातील एखाद्या जिवाची रात्र सुखाची झाली, तर या पानांचे सार्थक झाले असे आम्ही समजू.